आमच्या केळीवरचं दव

...आणि वर मलाच विचारते, "नाना, हे दव आहे असं तुम्हाला सांगितलं कोणी?" आता तुम्हीच बोला, दव काय कोणी सांगावं लागतं? पहाटे केळीच्या बागेत शिरलं की पानापानाच्या टोकाला थेंब लटकलेले, टपटप डोक्यावर पडतात, टोपी भिजते... माझा आजा त्याला दव म्हणायचा, बाप दव म्हणायचा, अख्खं रावेर दव म्हणतं, आणि मी चाळीस वर्षं केळी केलेला माणूस!

पण ऐकेल ती मोहिनी कसली. माझी धाकटी, जळगावला बी.एस्सी. करते, वनस्पतिशास्त्रात. म्हणे, "नाना, हे पाणी वरून पडलेलं नाही, आतून आलंय. मुळं रात्रभर पाणी ओढतात, पण रात्री पानांची छिद्रं मिटलेली, मग वाफ होऊन जाणार कुठून? आतला दाब वाढतो आणि पानाच्या कडेने थेंब बाहेर येतात. बिंदुस्राव म्हणतात त्याला." घ्या, म्हणजे केळीला घाम फुटतो! म्हटलं, "बाई, तू चार बुकं शिकली, पण मी..." तर म्हणते, "चाळीस वर्षं केळी केलेला माणूस, माहितीये."

हे नेमकं ऐकलं सुकदेवने. सुकदेव म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी, त्याच्या कानावर पडलं की गावाच्या कानावर पडलं समजा. ओरडलाच तिकडून, "नानाचं दव खोटं निघालं तं अख्ख्या गल्लीले भरीत-पुरी मी खाऊ घालतो!" झालं, लागली पैज. इकडे मोहिनीला सोमवारी कॉलेजात ह्याच विषयावर प्रयोगासकट बोलायचं होतं. प्रयोग फसला तर विषय बदल, असं सरांनी आधीच बजावलेलं.

मग तिने काय केलं, टिश्यूकल्चरची दोन रोपं आणली, एकसारखी, पिशवीतली, आणि ठेवली ओसरीवर पत्र्याखाली, छपराखाली दव पडत नाही म्हणून. एका रोपाला पोटभर पाणी, दुसऱ्याला दोन दिवस एक थेंब नाही. ज्याने पाणी प्यायलं त्याच्याच पानावर थेंब आले तर ते आतून आले, एवढा साधा हिशेब. रोज सकाळी फोटो काढायची आणि तिसऱ्या सकाळी गल्लीला बोलावणं. आमची बायको बेबाबाईसुद्धा म्हणाली, "पोरगी बराबर सांगू राह्यली." तीही फुटली, आणि मी चाळीस वर्षं...

जाऊ द्या. आता खरं ऐका. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी ओसरीवर एकटा, आणि ते कोरडं रोप समोर, पान मलूल पडलेलं, मातीला भेगा. आई शपथ सांगतो, मनात पैज नव्हती, भरीत नव्हतं, काही नव्हतं. तहानलेलं रोप बघवत नाही हो आम्हाला! हात आपोआप गेला, ओतला तांब्याभर, आणि विसरूनही गेलो.

सकाळी ओसरीवर हीऽऽ गर्दी, आणि दोन्ही रोपांवर थेंब.

सुकदेव म्हणाला, "पाह्यलं? दोन्हीवर हाये. दवच हाये ते!" लोक हसले. मोहिनीने रोपांशेजारी लावलेली मोटारसायकल चाचपली, सीट कोरडी, दव असतं तर तीही भिजली असती. पानाचा मधला भाग चाचपला, तोही कोरडा. "काल ह्याच्यावर नव्हता थेंब, आज कसा आला..." असं आपल्याशीच पुटपुटली आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं. सरांना सांगते, विषय बदलते."

मी जिंकलो होतो, कळतंय का? आजा जिंकला, बाप जिंकला, नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण पोरीचा चेहरा बघितला आणि पुढे सरकलो. म्हटलं, "थांबा रे. त्या रोपाले काल म्याच पाणी घातलं."

तर सुकदेव म्हणतो, "नाना, पोरीसाठी खोटं नका बोलू!" बघा, खरं बोलायची सोय नाही! शेवटी त्याचाच हात धरून रोपाच्या पिशवीत घातला, चिखलाने माखला तेव्हा पटलं त्याला.

वाटलं, आता पोरगी मला फाडून खाणार. पण ती तर नाचायलाच लागली, "नाना, रोप तेच, जागा तीच! कोरडं होतं तेव्हा थेंब नाही, पाणी पाजलं आणि एका रात्रीत आला! माझ्यापेक्षा तुमचा प्रयोग चांगला झाला!" आणि जमलेल्या पन्नास माणसांना, सुकदेवसकट, असं समजावलं तिने की पोराटोरांनाही कळलं. चारचौघांत हरलो, पण एवढी छाती आयुष्यात फुगली नव्हती. भरीत सुकदेवचं, वाढायला मात्र मी!

सोमवारी कॉलेजात टाळ्या पडल्या. मी म्हटलं, वहीत माझं नाव घातलं की नाही? म्हणाली, घातलंय की, आणि इंग्रजीत लिहिलेलं मराठी करून वाचून दाखवलं. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष... माझा पत्ता नाही. अगदी शेवटी 'दक्षता' म्हणून एक ओळ असते, तिथे लिहिलंय, "प्रयोग संपेपर्यंत वडिलांना रोपांजवळ फिरकू देऊ नये."

आणि सरांनी त्याखाली लाल पेनाने शेरा दिलाय... "योग्य."