मधलं अक्षर मोठं

हॅलो? … हॅलो? … अगं तू होय. मोठ्यानं बोल जरा. … मोठ्यानं नको? बरं, मग फोन तोंडाशी धर. पाणी कसलं वाहतंय ते?

… बाथरूममध्ये? नळ सोडून? का गं?

… हो, हो, ऐकते. माझा सकाळचा नेम झालाय, आता बोलता येतं मला. उघडलंत का खोकं? आवडलं ना विहीणबाईंना? … अगं, रडतेस कशाला? आधी नाक पूस. मग सांग.

… हं. … हं. सगळे हॉलमध्ये जमले, भेटी उघडायला. … नणंदेनं मोजे दिले. मोज्यांचं राहू दे गं, आपलं सांग. … सासूबाईंनी रिबीन सोडली. … हो, दोन अभ्रे, पांढऱ्यावर निळा दोरा. मीच केलेत, मला काय सांगतेस! … मग? … सासऱ्यांनी चष्मा लावला. बरं. … आणि?

… काय वाचलं?

… पुन्हा म्हण.

… न… र… क.

… आहे गं, आहे मी फोनवर. … मोठ्यानं वाचलं? सगळ्यांसमोर? … आणि जावई हसले? अगं बाई. … एकटेच हसले, मग त्यांनाही कळलं. …

अगं ऐक ना. ऐक. ते तसं वाचायचंच नसतं. जुन्या पद्धतीची अक्षरं आहेत ती. नवरा-बायकोच्या उशीवर असंच भरायचे पूर्वी. डावीकडे बायकोचं अक्षर, उजवीकडे नवऱ्याचं, दोन्ही लहान. आणि मधे आडनावाचं, चांगलं मोठं, वेलीसकट. तुझ्या सासूबाईंचं न, सासऱ्यांचं क, मधे आडनावाचं र. … हो. झालं खरं तसं. …

अगं, या सणासाठी मी किती जणांना करून दिलं! मुख्याध्यापिकाबाईंचे रुमाल, दातांच्या डॉक्टरांचे टॉवेल. त्यांचं म-च-द आलं, कुणाला काही वाचता आलं का? सगळे म्हणाले, काय जुनं, काय खानदानी दिसतं! … हो, म-च-द चा अर्थ होत नाही. कबूल आहे.

… मला?

… अगं, टाके घालताना वाचत कोण बसतं? सुईच्या टोकाकडे बघायचं की… बरं ते राहू दे, सासूबाई काय म्हणाल्या ते सांग.

… घडी घातली. खोक्यात ठेवले. झाकण लावलं. … आणि मग? … काय म्हणाल्या? हळू सांग, हुंदके देऊ नकोस. … “सूनबाई, एकदा फोनवर ऐकलं होतं. आता भरूनही मिळालं.”

… असं म्हणाल्या?

… फोनवर कधी? … गॅलरीत उभी राहून बोलत होतीस तेव्हा? माझ्याशी? … हो, आठवतं. “आई, हे घर नाही, नरक आहे.” … ऐकलं होतं त्यांनी? आणि इतके दिवस चकार शब्द काढला नाही? … तरीच गं, तरीच.

… माहीत आहे गं. आता कुठे जमायला लागलं होतं तुमचं. तूच म्हणालीस, आई, तुझ्या हातचं काहीतरी दे, त्यांना तुझं काम फार आवडतं. … हो, म्हणाली होतीस. … जावई बोलत नाहीत तुझ्याशी? त्यांना वाटतंय तू मुद्दाम… अगं नाही गं!

… कोण ठोठावतंय? … सासूबाई? … उघड. आधी नळ बंद कर, मग उघड. फोन ठेवू नकोस. … काय? माझ्याशी? आत्ता? … थांब, मला जरा पाणी… बरं. दे.

नमस्कार, विहीणबाई. … हो, मीच. … बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? … बरं. …

… सुबक? … नका हो. आज नका म्हणू तसं. … तो टाका होय? आत जाड दोऱ्याची भर घालायची आणि वरून आडवा भरायचा, म्हणजे अक्षर फुगून वर येतं. … मोठ्या मनाच्या आहात. …

… काय? … नाही, नाही. तिनं नाही सांगितलं तसं. … अहो, नाही. “तुझी आई देवभोळी, तिला काय कळणार, तू अक्षरं दिलीस आणि तिनं भरली” … असं म्हणालात तिला? … विहीणबाई, ऐका माझं. मी देवाचं करते. पण भोळी नाहीये मी.

… तिनं सरळ सांगितली होती अक्षरं. तुमचं नाव, यजमानांचं नाव, मग आडनाव. न, क, र. त्याचं काहीच होत नाही. आडनाव मधे मी नेलं. तिला तर ही पद्धत ठाऊकसुद्धा नाही. खोकं बांधूनच पाठवलं मी, तिनं तुमच्याबरोबरच पाहिलं.

… मला दिसलं नाही का?

… …

दिसलं, विहीणबाई.

… पहिला अभ्रा पुरा झाला, भरतकामाची रिंग काढली, कापड झटकून धरलं आणि दिसलं. … हो. दुसरा त्यानंतर केला. … हो. दिसल्यावर.

… का ते… काय सांगू! … ती रडली होती ना त्या दिवशी. मी तिला म्हटलं, सोसावं, घरोघरी असंच असतं, देवाचं नाव घे. तुमच्याशी भेटीत गोड बोलले. तोंडानं मी गोडच बोलते हो. हातांना काही गोड राहता आलं नाही. … म्हटलं, कोण वाचतंय. … नाही, तेही खरं नाही. कुणीतरी वाचावं असं वाटलं होतं. दुसऱ्यावरचं क भरताना मला हसू आलं. ओठांवर नाम चाललं होतं आणि हसू आलं. …

आणि मघाशी तिनं विचारलं, “आई, तुला दिसलं नाही?” तर मी उलट तिलाच प्रश्न केला. खोटं बोलायचं नाही असं आहे माझं. म्हणून प्रश्न केला. … हो. काय म्हणायचं याला, तुम्हीच सांगा.

… ती ऐकतेय? शेजारीच उभी आहे? … स्पीकरवर आहे का मी? … बरं. … नाही, बंद नका करू. ऐकू दे. जावयांनाही ऐकू दे. तिचा काही दोष नाही, हे एवढं त्यांच्या कानावर जाऊ दे.

… बोला, विहीणबाई. ऐकते मी. …

… मी? … आज? … पाहुणे आहेत ना अजून सगळे? … सगळ्यांसमोर बसून. … हो. … हो, बरोबर आहे तुमचं. येते. उसवायची बारीक कात्री आणते. सगळं काढते, एक धागा ठेवत नाही. …

… सगळं नाही? … मग? … मधलं र काढायचं. बरं. … आणि क? … तेसुद्धा? अहो, पण यजमान काय म्हणतील? … समोरच बसलेत? विचारलंत का त्यांना? … विचारणार नाही. … बरं. …

… नुसतं न ठेवायचं. … अहो, पण ते अगदी कडेला आहे. लहानसं आहे. मधली एवढी जागा ओकीबोकी दिसेल. र ची भोकं दिसतील, धुतलं तरी बुजायची नाहीत. मी दुसरा करून देते ना, नवीन कापडावर, न मधोमध, मोठं, भोवती वेल… … नको? … हेच. … कडेचंच. … भोकांसकट? …

… नाही. मी नव्हतं विचारलं तुम्हाला, कुठली अक्षरं हवीत ते. … तिनंही नसेल. … हो, उशी तुमची आणि… हो. कुणीच नाही विचारलं. …

… आणि दुसरा? … हो, दिसल्यावर भरलेला. … तो मी घरी न्यायचा. … न उसवता? … तसाच. … … नेते.

… निघतेच मी. दोन बस बदलाव्या लागतात, पण जेवणाच्या आधी पोचते. … नाही, जेवायला नको. नाही हो, खरंच नको. …

विहीणबाई, तिला द्या ना जरा फोन. एकच मिनिट. …

… नको म्हणतेय?

… बरं. … नाही, काही नाही. काही निरोप नाही. … ठेवते.