मधुलिकेचा स्वेटर

— छे गं, महाल मी जन्मात पाहिलेला नाही. सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून लिहिलं सगळं. तो संगमरवरी जिना, ती झुंबरं, मधुलिका सरदेशमुखचे हिरे — कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिलंय. बस ना अश्लेषा, उभी का? गुरुग्रामहून गाझियाबादला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला तुझा, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. सही काय, बघू सहीचं. पेन ठेव खाली. आधी मला सांग — तुमच्या त्या अ‍ॅपवर कादंबरी आली की कुणीही ऐकू शकतं? म्हणजे अगदी कुणीही? हं. वाटलंच मला.

तू ऐकलीस ना पूर्ण? काय आवडलं? — बघ, तूही तेच म्हणालीस. स्वेटर. तीस वर्षांत जेवढी पत्रं आली, सगळ्यांना स्वेटरच आवडलेला. मधुलिकेची धाकटी बहीण म्हणून वाढलेली रेवा ही तिचीच मुलगी, पण ते बोलायची सोय नाही, म्हणून दर वर्षी रेवाच्या वाढदिवसाला ती आपल्या अंगावरचा एक स्वेटर उसवते आणि त्याच लोकरीचा तिला विणून देते — काय, उसवणं? उधेड़ना गं. दिल्लीत वाढलेल्या तुम्ही मुली, तुम्हाला कोण सांगणार हे शब्द. तर प्रकाशकांनी तेव्हाच हटकलं होतं, की बाई, जिच्या घरी पश्मिन्यांची कपाटं भरलीत ती जुना स्वेटर कशाला उसवेल, तिला काय नवी लोकर मिळत नाही? बरोबर होतं त्यांचं. ते ओढगस्तीच्या घरातलं काम. पण मी काढला नाही. का नाही काढला? — अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच खरं होतं, म्हणून.

गेलं बघ तोंडातून. आता अर्धं सांगून काय करू? खाली, ग्राउंड फ्लोअरला, येताना दिसली असेल तुला — गॅलरीत उन्हात बसलेली, काळा चष्मा — ती प्रभावती. आमची क्वार्टरं शेजारी होती, रिटायर झाल्यावर फ्लॅटही एकाच बिल्डिंगमध्ये घेतले. तिचे संपतराव आणि आमचे हे, दोघं मिळून बघायला आले होते. आता दोघंही नाहीत. तर तेव्हा थंडीत आम्ही बायका क्वार्टरसमोरच्या लॉनवर मटार सोलत बसायचो. एक दिवस बाकीच्या उठून गेल्या, आणि ही मान वर न करता म्हणाली, "भक्ती माझी बहीण नाही कुमुद. माझी मुलगी आहे." लग्नाआधीची. एकोणीस वर्षांची होती प्रभा. आईनं पोर स्वतःची म्हणून वाढवली आणि हिचं लग्न लावून इकडे लांब पाठवून दिलं. संपतरावांनासुद्धा ठाऊक नव्हतं शेवटपर्यंत. फक्त मला सांगितलं तिनं, आणि दर वर्षी अंगावरचा स्वेटर उसवून भक्तीला विणून का पाठवते, तेही. मी रडले गं तिचा हात धरून, नाटक नव्हतं ते — पण घरी आले, मटारची टोपली ओट्यावर ठेवली, आणि आधी वही काढली.

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. नंतर मीच खोदून खोदून विचारायला लागले — आईनं बाळ घेतलं तेव्हा काय म्हणाली, दूध कसं आटवलं, भक्ती पहिल्यांदा ताई म्हणाली तेव्हा तुला काय झालं. ती बिचारी सांगत राहिली. तिला वाटायचं मैत्रीण विचारतेय. मी मनाची समजूत घातली, की महाल घातला, हिरे घातले, कोण ओळखतंय? आणि प्रभा वाचते कुठे, दोन पानांत तिला झोप लागते, तुझ्या नटव्या बायका तुलाच लखलाभ म्हणायची. पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत मी तिलाच दिली. हो, दिली. वर 'प्रिय प्रभास' लिहून दिली. साड्यांच्या घडीत जपून ठेवलीय तिनं. बघ कसली बाई मी.

आता तिचे डोळे गेले. काचबिंदू. आणि भक्तीनं गेल्या खेपेला तिच्या मोबाइलवर तुमचं अ‍ॅप घालून दिलंय. दिवसभर ऐकते, मोठ्यानं, इथे वर मला शब्द न् शब्द कळतो. बंद करता येत नाही तिला, बटण सापडत नाही, भक्ती नसली की मीच जिना उतरून बंद करून येते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "इतक्या वर्षांत तुझं एक पान वाचलं नाही गं, लाज वाटते मला. तुझं आलं की पहिली मी ऐकणार." लाज तिला वाटते. आणि भक्ती परवाच आलीय साताऱ्याहून, पंधरा दिवसांसाठी. त्रेपन्न वर्षांची आहे, अजून ताई म्हणते. माझी रेवा भर पार्टीत आई म्हणून मिठी मारते, सगळे टाळ्या वाजवतात, झालं. प्रभा मला कितीदा म्हणालीय, तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. म्हणून सही नाही करणार मी. बिल्कुल नाही. तुझ्या नोकरीवर आलं तर सांग साहेबांना, म्हातारी खुळावली म्हणून.

काय? फॉर्मॅलिटी म्हणजे? — प्रकाशकाच्या मुलानं? केव्हा दिले हक्क? मला न विचारता — बरं बरं, तुझी काय चूक त्यात. आज सकाळपासून. अच्छा. किती भाग? पहिले चार फुकट. स्वेटर कितव्यात येतो, अश्लेषा?

तिसऱ्यात.

तो गॅस बंद कर जरा, चहाचा आवाज येतोय. ऐक — खालून. आवाज छान आहे हं तुमच्या बाईंचा. 'मधुलिकेनं कपाट उघडलं आणि तो निळा, कोपरावर विरलेला स्वेटर मांडीवर घेतला' — निळा. मी रंगसुद्धा बदलला नव्हता गं. त्याच लोकरीचा विणलेला भक्तीकडे अजून आहे, दुलईत गुंडाळून ठेवलाय, मला दाखवलाय तिनं —

बंद झालं.

तूही ऐकलंस ना? मध्येच. वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. प्रभाला तर बटण सापडत नाही.

तू नीघ आता. कप राहू दे तिथेच. जिन्यात कुणी भेटलं तर काही बोलू नकोस, सरळ खाली उतर. आणि दार लोटू नकोस जाताना. उघडंच राहू दे.