पायाळू डॉक्टरीणबाई

परवा मोंढ्यात, आमच्या धान्याच्या बाजारात, काय झालं ते ऐका. पोती उचलून आमच्या हमालांच्या कंबरा पार गेलत्या, म्हणून मी बीडहून फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंना पाटोद्याला दुकानावरच बोलावलं. बाईंनी पोत्यांवर सतरंजी टाकली, पण आडवं व्हायला एकजण तयार न्हाई.

सगळ्यात जुने हमाल दगडूमामा उसण भरून निम्मे वाकलेले. ते म्हणाले, "उसणीला पायाळूची लाथच लागती. जलमताना ज्याचे पाय आधी आले, त्याची. तुमी पायाळू हाय का?"

म्हटलं, मेलो! बाई आता बॅग उचलून निघणार.

पण बाई म्हणाल्या, "आहे की! आई अजून ऐकवते, लई तरास दिलास म्हणून."

मामा लगेच आडवे झाले. बाईंनी अर्धा तास कंबर दाबली, पाय ताणले, घामाघूम झाल्या. मामा उठले ते ताठ! पण बाईंकडं पाठ करून तसेच उभे.

"आता काय, मामा?" बाईंनी विचारलं.

"लाथ ऱ्हायली की."

बाईंनी हसत चप्पल काढली आन त्यांच्या कंबरेला हळूच पाय लावला.

मामा आमच्याकडं वळून म्हणाले, "बगा, गेली उसण! अर्धा तास उगंच दाबीत बसल्या बाई."