परसातलं बुडकुलं

ऐका. पुढं सरका सगळे. मधे कुणी उठायचं न्हाई, उठायचं असंल त्यानं आत्ताच जाऊन या.

तर, दिवेलागण होऊन गेली होती. अवसेचा अंधार. आणि आपल्या वाडीची हौसाक्का डोईवर मातीचं बुडकुलं घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली. एकटी! म्हणाल, बाईमाणूस, असल्या अंधारात कशाला निघाली? तेच तर सांगतोय.

हौसाक्काची लेक सुमन बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलटकरीण. दिवस भरत आलेले. परसात धुणं वाळत घालताना तिच्या कानातली बुगडी पडली. सोन्याची हो! शोध शोध शोधली, न्हाई गावली. जावई सुबराव मोठा हौशी. त्यानं शहरातनं यंत्र आणलं. लांब दांडा, खाली थाळी. जमिनीवरनं फिरवायचं, खाली धातू असला की ते कुईं करून वरडतं.

सकाळधरनं फिरवलं. काय निघालं? गंजके खिळे. बैलाची नाल. मोडका विळा. बुगडीचा पत्ता न्हाई. आणि गोठ्याच्या उंबऱ्यापाशी यंत्र असं वरडाय लागलं, असं वरडाय लागलं, की गोठ्यातली म्हस दावं तोडाय बघती!

हौसाक्कानं खुरपं घातलं. खालनं बुडकुलं निघालं. तोंडाला फडकं बांधलेलं, हात लावला तर फडक्याचा भुगा. आत जुनी नाणी, शिवराया! तांब्याच्या, हिरव्या पडलेल्या. मधेच एखादं चांदीचं नाणं. सुबराव तर नाचायच्या बेतात. ‘मामी, हे सरकारात द्यावं लागतंय, पर नाव हुईल आपलं!’

एवढ्यात म्हातारा तात्या गुरव कुडाशी आला. बुडकुलं बघितलं आणि मागं सरकला.

‘हौसे, ठेव ते जागेवर. त्याच्यावर राखण्या हाय.’

राखण्या म्हंजे काय, ठावं हाय का? जुन्या काळी धन पुरताना एखाद्या गरिबाला धरायचे. जेवू घालायचे. आणि तिथंच मान कापून धनावर बसवायचे. राख म्हणायचे. तो राखत बसतो. जन्मभर न्हाई, मरणभर!

‘धन उकरलं की तो घरातला एक जीव मागतो,’ तात्या म्हणाला. ‘घरात पोटुशी लेक हाय तुझी.’

बाकीचे गार पडले. हौसाक्का न्हाई.

‘परत पुरलं तर जाईल का तो?’

‘जाईल कुठं? तिथंच बसंल.’

‘म्हंजे माझी नातवंडं त्याच्या डोक्यावर खेळायची? न्हाई जमायचं. माझं परसू हाय!’

अंधार पडला, आणि कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र आपसूक वरडाय लागलं. कुईं... कुईं... सुबराव धावला, आतला सेल काढला. तरी वरडतंय! सुबरावला हुडहुडी भरली, दातावर दात वाजाय लागले. सुमन पोटाला धरून बसली. मग हौसाक्कानं पदर खोचला, बुडकुलं डोईवर घेतलं. शेजारणीला म्हणाली, ‘लेकीपाशी बस. पल्याडच्या वाडीतल्या पोलीस पाटलाच्या हवाली करून येते. ही बला आज रात्री माझ्या घरात राहायची न्हाई.’

निघाली.

बांध ओलांडला तसं बुडकुलं जड झालं. जड, आणखी जड, जणू डोईवर जातं ठेवलंय. मान दुखाय लागली. म्हणाली, ‘कर जड. भारे वाहून जन्म गेलाय माझा!’

मागनं हाक आली. ‘हौसाऽऽ...’

नवऱ्याचा आवाज! नवरा मरून कैक वर्सं झालेली. पर ही बाई मागं बघती हुय? म्हणाली, ‘अरे जा! जित्तेपणी त्यानं कधी नावानं हाक मारली न्हाई. अगं म्हणायचा नुसतं!’

मग लेकीचा आवाज आला. ‘आये, कळा सुटल्यात गं! माघारी ये!’

ऐका, इथं तिचं पाऊल थांबलं. आई हाय शेवटी. खरं असंल तर? डोळ्याला धार लागली. तरी मान वळवली न्हाई. ‘बाळे, खोटं असंल तर खोटं. आणि खरं असंल तर हे घेऊन मी घरी येतच न्हाई!’

ओढ्यात उतरली. गुडघाभर पाणी, बर्फागत गार. मधोमध गेली आणि समोर तो उभा! अंगावर घोंगडं. मान एका अंगाला कललेली. हात पुढं केलेला.

‘ठेव. जागेवर ठेव. मालकानं राखाय सांगितलंय.’

‘कोण मालक? ज्यानं मान कापली तो?’

‘ठेव!’

‘काय दिलं रे त्यानं तुला?’

तो हळूच म्हणाला, ‘भात. पोटभर.’

‘एका जेवणापायी एवढी वर्सं? मालक मेला, त्याचं घरदार बुजलं. सुटलास तू. जा!’

तसा तो किंचाळला. ‘बदली दे! माझ्या जागी दुसरा दे!’ आणि पाण्याखालनं हात आले. घोटे धरले. खाली वढाय लागले. पाणी कमरेला, छातीला, गळ्याला! बुडकुलं फेकलं असतं तर सुटली असती बाई. फेकलं न्हाई. नाकात पाणी जाताजाता वरडली, ‘नाव काय रे तुझं? आईनं ठेवलेलं नाव सांग!’

हात ढिले पडले.

‘नाव... माझं नाव...’

आठवंना त्याला. कुणी विचारलंच नव्हतं इतक्या वर्सांत. तो आठवत राहिला आणि हौसाक्का पळाली. पडत, धडपडत काठावर. तिथनं थेट पाटलाच्या सोप्यावर जाऊन आदळली. अंगाला पाण्याचा थेंब न्हाई, पर दोन्ही घोट्यांवर बोटांचे काळे वळ! मरेपतोर गेले न्हाईत. मी बघितलेत.

पहाटं लेक बाळंत झाली, सुखरूप. नाणी रीतसर सरकारात गेली. परसू मोकळं झालं, यंत्र पुन्हा वरडलं न्हाई.

तो मात्र ओढ्यातच राहिला. अजून लोकांना विचारतो, माझं नाव काय? म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेनं जायचं न्हाई. गेलाच, तर त्याला कुठलं नाव द्यायचं न्हाई. ज्याचं नाव द्याल, तो माणूस त्याच्या बदलीला जाईल.

हौसाक्का तेवढी जायची, उजेडी, सर्वपित्रीला. काठावर भाताचं पान ठेवायची आणि कमरेवर हात ठेवून वरडायची, ‘खा! ह्या भातापायी काय राखायचं न्हाई. जेव, आणि आठव!’