गुद्रुनबाईंच्या टेबलावरचा दिवा

नाही नाही, बस तू सुलेखा, चहा झाल्याशिवाय सोडत नाही मी तुला. परवा ओक ट्री रोडवर, आपल्या देशी बाजारातल्या त्या साडीच्या दुकानात, पद्मिनीला काय सांगत होतीस? "राधाकाकूंची विनीता त्या गुद्रुनबाईबरोबर डेन्मार्कला—" आणि मी दिसले तशी लगेच काठ बघायला लागलीस साडीचे. डेन्मार्कला काय? कायमची चालली, हेच ना? नको सांगूस, मला ठाऊक आहे सगळं — अगं, खिडकीला खिडकी लागून घर आहे, मला नाही कळणार तर कुणाला!

शेजारीण म्हणून वाईट नाही हो म्हातारी. पण माझ्या पोरीला कॉलेजातून आली की तिच्याच टेबलाशी बसायचं असतं. आणि घरी आली की तिचंच पुराण — आई, पंचावन्न-छप्पन साली तिकडे डेन्मार्कला अख्ख्या फॅक्टरीत दिवे डिझाइन करणारी ती एकटी बाई, मीटिंगला गेली की पुरुष तिलाच कॉफी आणायला सांगायचे, आणि मग तिचाच दिवा शाळांत, दवाखान्यांत, बोटींवर लागला! लागला तर लागला. त्याच सुमारास मला मॅट्रिकला बसू दिलं नाही, लग्न ठरवलं — ते विचारलं का कधी विनीतानं? आणि दिवा तरी काय, तर एकाखाली एक तीन शेड, कुठल्याही खुर्चीत बसा, बल्ब डोळ्यांत येत नाही, उजेड तेवढा ताटावर. एवढ्यासाठी कित्येक वर्षं घालवली म्हणे. मग माझ्या ट्यूबलाइटला नावं — "आई, द ग्लेअर!" डोळे दिपतात म्हणे. मी म्हटलं तिला, याच ट्यूबखाली पाढे पाठ केलेस ना गं तू?

म्हणून हा दिवा केला मी. वर बघ. भाजी धुवायची चाळण आहे — हसू नकोस — ह्यांच्याकडून वायर ओढून घेतली. विनीतानं बघितला, जरासा खाली ओढला, आणि गेली पलीकडे. मग मी हा मालवते आणि खिडकीत उभी राहते. चोरून कसलं! बघते नुसती. दोघी डोक्याला डोकं लावून कागदावर वाकलेल्या असतात. त्या उजेडात इतकी गोड दिसते माझी पोर — इथे का नाही दिसत गं तशी?

काय? कोण नाही जाणार? गुद्रुनबाई नाही? — थांब, नीट सांग. विनीता एकटीच? तिथल्या डिझाइनच्या शाळेत, दोन वर्षं... मग परत येणार? नक्की? आणि हे तिनं तुला सांगितलं, मला नाही! बाई तर रोज तिच्या मागे लागतात, आधी आईला सांग म्हणून? आणि ती घाबरते? मला?

म्हणजे बाई इथेच. विनीता सप्टेंबरात गेली की त्या टेबलाशी एकट्याच.

त्या बघ, बसल्यात टेबलाशी.

तू जा आता सुलेखा. कप राहू दे. — नको, तो दिवा नको मालवूस. असू दे चालू. दिसेल त्यांना तिकडून.