संदीपच्या दाराबाहेरच्या चपला

किराणा दुकानात अर्धंच कानावर आलं, "संदीप ड्रम विकून केडगाव सोडतोय, कारण..." कारण ऐकायला मी थेट त्याच्याच घरी गेले. आमची भिंत एकच.

"काकू, दोन पायांनी ड्रमची दोन पेडल मारतो ना, महिनाभर डावा पाय मागंच पडतोय. जमतच न्हाई."

"आधी वाजवताना तुझ्या चपला दाराबाहेर असायच्या. आता नसतात."

"चपलांवर पण लक्ष? आता बूट घालूनच वाजवतो. स्टेजवर बरं दिसतं."

"काढ ते!"

चार दिवस अनवाणी अडखळला. पाचव्या दिवशी माझ्या मांडणीवरची ताटं पूर्वीसारखी एका लयीत थरथरली.

दुकानातलं अर्धं खरं निघालं. ड्रम विकले नाहीत, ते घेऊन तो पुण्याच्या बँडात गेला. ताटं आता गप्प असतात. येताजाता मी मात्र अजून त्याच्या दाराबाहेर चपला दिसतात का बघते.