डिकीतला वरचा मजला

लेस्कोवात्सच्या बसची वाट बघत उभा होतो. समोरच्या घरापुढे एक आई बेलग्रेडला निघालेल्या मुलाची गाडी भरत होती.

“रादेन्को, डिकी लहान कशी झाली रे?”

“तळ उंच करून घेतला, आई. सामान काढताना वाकावं लागत नाही.”

“आणि माझी भाजक्या मिरच्यांची चटणी, आयवार?”

“दोनच बरण्या मावतील.”

“तळाखाली काय किणकिणतंय?”

“स्टेपनी.”

“स्टेपनी किणकिणते होय? सरक बाजूला! अगंबाई, या तर गेल्या वर्षीच्या बरण्या! झाकणंसुद्धा उघडली नाहीत!”

“आई, फेकवेनात गं.”

“म्हणजे ती बया, तुझी बायको, तुला जेवायलाच घालत नाही! अहो, ऐकलंत का? आणखी वीस बरण्या आणा. वरचा मजला अख्खा मोकळा आहे!”